टाकीत काठी घालणारे रामूअण्णा

रामूअण्णा सकाळी आमच्या निपाणीच्या हॉस्पिटलात आले की पहिल्यांदा कुणावर तरी ओरडायचे आणि मग जनरेटरच्या टाकीत काठी घालायचे. पेरूच्या फांदीची, तासून सपाट केलेली, खाचा पाडलेली काठी. डिझेलनं ती कुठल्या खाचेपर्यंत भिजते ते बघायचे आणि खडूनं भिंतीवर आकडा लिहायचे. समोर डिझेल दाखवणारा काटा होता, चांगला चालतही होता. पण त्याचं नाव काढलं की भडकायचे. "काटा काय सांगतोय त्ये काठीला इच्यारायचं, आक्का. काट्याला वायरी लई. काठीला एक बी न्हाय."

मी तिथे डायलिसिसची टेक्निशियन. लाइट गेली की माझी मशीनं आणि मशीनला जोडलेली माणसं, सगळी अण्णांच्या भरवशावर. कधी म्हटलं, अण्णा, जरा बसा की, तर लगेच, "तुज्याकडं माणसाचं रगात बाहेर फिरतंय, आन् मी हितं डुलक्या काडू व्हय गं?"

खंडेनवमीला अण्णा तीन दिवस लेकीकडे सदलग्याला गेले होते. आमचा नवा मॅनेजर हौशी. त्यानं पूजेसाठी अख्खा जनरेटर हिरवागार रंगवून घेतला. टाकी, नटबोल्ट, वायरींची टोकं, स्क्रू सोडवून त्यांच्या खालची जागासुद्धा, पेंटरच्या ब्रशखाली आलं ते सगळं. भिंतीला चुना मारला, अण्णांचे आकडे गेले. झेंडूचे हार, कुंकू, नारळ, आणि लगेच मोठ्या डॉक्टरांना फोटो. हॉस्पिटल त्यांचंच.

अण्णा परतले आणि शेडमध्येच कडाडले, "पूजा केलासा का नवरी नटवलासा?" काठी घातली. काठी म्हणत होती पाव टाकी, काटा दाखवत होता अर्ध्याच्या वर. "रंग अर्थिंगच्या जागंवर बसलाय सायेब, लोखंडाला लोखंड टेकंना. काटा खोटं बोलतोय. खरवडतो."

मॅनेजर म्हणाला, मोठे डॉक्टर बघून जाईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही! "आणि रोज टाकी कशाला उघडतोस रे? डिझेल कुठं जातंय, कळत नाही होय मला? चोराच्या हातात टाकी देणार नाही मी." टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. रजिस्टरवर सही घ्यायला मी तिथेच उभी होते. सही घेतली आणि वर गेले. आज हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर पाचव्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. जनरेटर सुरू झाला आणि पाऊण तासात धापा टाकत बंद पडला. काटा अजून अर्ध्याच्या वर! माझ्याकडे चार पेशंट मशीनवर. बॅटरी किती वेळ पुरणार? मी आणि सिस्टरनं मशीनच्या पंपाचं हँडल हातानं फिरवून एकेकाचं रक्त अंगात परत घातलं. तिघांचं नीट परत गेलं. चौथी संकेश्वरची एक म्हातारी, तिचं रक्त नळीतच गोठलं. आधीच अंगात रक्त नाही, त्यात तेवढं फेकून द्यावं लागलं. ती मलाच समजावत होती, "असू दे बाळ, तू रडू नगंस."

खाली अण्णांनी हातोडीनं कुलूप फोडलं होतं. डिझेल संपून बंद पडलेलं इंजिन नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही, नळीतली हवा काढावी लागते. हात भाजले त्यांचे, पण जनरेटर सुरू केला.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर शेडमध्ये आले. मॅनेजरनं आधीच लिहून दिलं होतं: ऑपरेटरनं डिझेल चोरलं, कुलूपही फोडलं. अण्णांनी टाकीवरची वायर काढून इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. काटा शून्यावर. "काटा बरा हाय. वायर बरी हाय." वायर परत जागेवर बसवली. मग एक सुटा तारेचा तुकडा घेऊन टाकीवर स्क्रूनं बसवलेली काट्याची चकती आणि उघडं लोखंड जोडलं. काटा घसरत, सकाळी काठी भिजली होती बरोबर त्या खाचेएवढा खाली आला. तार काढली, पुन्हा वर चढला. मग चाकूनं स्क्रूखालचा हिरवा रंग खरवडला, स्क्रू आवळला. काटा खाली आला आणि तिथेच राहिला.

डॉक्टर म्हणाले, "बरं, झालं ते झालं. सापडलं ना? लागा कामाला."

अण्णांनी चाकू मिटला. आवाज अजिबात चढवला नाही, आणि तेच मला सहन होईना.

"रंग मी खरवडला, सायेब. मला चोर म्हणलासा, त्ये कुणी खरवडायचं?"

शेडमध्ये आम्ही सहाजण होतो. मॅनेजर फोन बघू लागला. डॉक्टर घड्याळ. अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तो माणूस काय आहे हे मला माहीत होतं. रंगाचं त्यांनी सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं होतं.

ते चप्पल घालून गेटबाहेर पडेपर्यंत मी गप्पच होते.