घड्याळजींची रविवारची अंघोळ

ऑपरेटरबाईंच्या घरची मोरी कधी तुंबली नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, कुणी विचारलेलं असो वा नसो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मध्येच लाइन तोडायची कुणाची बिशाद नव्हती. शेजारणीने नुसतं म्हणावं, की आमच्या न्हाणीघरात हल्ली घोट्यापर्यंत पाणी साचतं, की झालं. बाई हातातलं काम बाजूला ठेवून सुरू. आमच्याकडे नाही हो साचत. आमच्या अण्णांनी केलेला ढाळ आहे.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील. पेशाने गवंडी, आणि गवंडी असून पाणसळ हातात धरायचे नाहीत. पाणसळ म्हणजे ते काचेच्या नळीतला बुडबुडा बघून जमीन सपाट की उतरती ते ठरवायचं साधन. अण्णांना तो स्वतःचा अपमान वाटे. गुडघ्यावर बसायचे, एक डोळा मिटायचे, जमिनीला गाल लावल्यासारखं वाकायचे आणि सांगायचे की पाणी कुठून कुठे जाणार. जायचंही तसंच. चाळीस वर्षं त्यांचा शब्द एकदासुद्धा चुकला नव्हता.

एकतीस वर्षांपूर्वी लेकीने आणि जावयाने हे दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा न्हाणीघराच्या नुसत्या चार भिंती उभ्या होत्या. अण्णा सहा दिवस राबले. खालचा पाइप स्वतः टाकला, वर लाल कोबा घातला, आणि तो घोटून घोटून असा केला की त्यात दिव्याचा उजेड दिसावा. शेवटच्या दिवशी दाराजवळच्या कोपऱ्यात ओल्या सिमेंटवर अंगठ्याचे पाच ठसे उठवून एक फूल काढलं. एवढ्या कडक माणसाला फूल कुठून सुचलं देव जाणे. त्यानंतर त्यांनी थापी हातात घेतली नाही, म्हणजे हे त्यांचं शेवटचं काम.

आता बाईंचे यजमान. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची एक टपरी. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून दातेरी चाकांशी बोलत बसायचे, त्यामुळे माणसांशी बोलायला फारसं काही उरायचं नाही. चाळिशीतच टक्कल पडलेलं, चेहरा शांत. तर हे घड्याळजी, अण्णा पाइप बुजवायच्या बेतात असताना, कुठून तरी एक पाणसळ मागून घेऊन आले. म्हणाले, अण्णा, बुजवण्याआधी एकदा लावून बघू का? अण्णांनी वर न बघता सांगितलं, जावईबापू, तुम्ही काटे बघा, पाणी आम्ही बघतो. तेवढ्यावर भागलं असतं. पण बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अण्णांच्या हाताखालच्या दोन माणसांसमोर त्यांनी नवऱ्याला फाडफाड बोलून घेतलं. घड्याळजींनी ऐकून घेतलं, पाणसळ ज्याची त्याला परत नेऊन दिली, आणि त्या मोरीबद्दल आयुष्यात पुन्हा चकार शब्द काढला नाही.

ते एरवी पाच मिनिटांत अंघोळ उरकणारे. रविवारी मात्र आतून कडी लावायचे ते तासभर बाहेर यायचे नाहीत. शॉवर मध्येच चालू, मध्येच बंद. बाईंचा जीव खालीवर व्हायचा. दारावर थापा मारून त्या म्हणायच्या, अहो, म्हशीसुद्धा एवढा वेळ डुंबत नाहीत. तासाभराने दार उघडायचं, लखलखीत टक्कल बाहेर यायचं आणि ठरलेलं उत्तर मिळायचं: "टाचा घासत होतो."

टाचांची घरात नुसती थट्टा. मुलगा लहानपणी वडिलांच्या पायांशी बसून टाचा तपासायचा. बाई एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींना सांगायच्या की आमच्या ह्यांच्यासारख्या टाचा एखाद्या राणीच्याही नसतील. घड्याळजी हसायचे. थट्टेवर चिडायचं नाही ही त्यांची सवय, आणि बाईंना ती कधीकधी खुपायची सुद्धा. भांडायला समोर माणूस असावा लागतो ना.

घड्याळजी गेले त्याला आठ महिने झाले. एका दुपारी दुकानात बसल्या जागी, डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. बाईंनी सगळं धीराने निभावलं. कपडे वाटून टाकले, दुकानातली लोकांची घड्याळं घरोघर पोचवली. फक्त न्हाणीघरात गीझरच्या मागे खिळ्याला टांगलेला त्यांचा दाढीचा पत्र्याचा डबा काढायला हात धजावला नाही. तो तिथेच राहिला.

आणि ते गेल्यावर दोनच महिन्यांनी मोरी तुंबायला लागली. आधी पाणी नुसतं रेंगाळायचं. मग जाळीवर फेस थांबायला लागला. मग पाऊल बुडायला लागलं. बाईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? शेजारीण ऐकायलाच टपलेली. त्यांनी बाजारातली पावडर ओतली, उकळतं पाणी ओतलं, जाळीतून नारळाच्या झाडूची काडी खुपसून पाहिली. शेवटी शॉवर बंद करून अर्ध्या बादलीत अंघोळ करायला लागल्या, त्याही एका विटेवर उभं राहून. तरी मनात एकच घोकत होत्या: ढाळ चुकणार नाही. अण्णांचा आहे.

मुलगा चार दिवसांच्या सुट्टीवर आला आणि बिंग फुटलं. तो बिचारा शॉवर सोडून गाणं म्हणत उभा राहिला, आणि पाणी उंबरा ओलांडून थेट पलंगाखाली. पलंगाखालची बॅग भिजली, बॅगेतल्या इस्त्रीच्या कपड्यांचा लगदा झाला. त्याने डोक्याला हात लावला. सगळं फोडून काढू म्हणाला, नवा पाइप टाकू, वर टाइल्स, उद्याच माणूस बोलावतो. बाई म्हणाल्या, आधी मला फोड. पण मुलाचंही खोटं नव्हतं. आई घरात एकटी, वय सहासष्ट, ओल्या कोब्यावरून पाय घसरला तर उचलायला कोण? रात्रभर बाईंना ते अंगठ्याचं फूल पहारीखाली दिसत राहिलं.

सकाळी मुलगा टाइल्सचे नमुने बघायला गेला आणि मागून प्लंबर आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. बाई दारात पहाऱ्याला उभ्या. जाळी उघडून बघ, त्यांनी बजावलं, पण कोब्याला ओरखडा जरी आला तरी याद राख.

तो उकिडवा बसला. पण पेचकस काढायच्या आधी त्याने जाळीच्या दोन स्क्रूंवरून नुसता अंगठा फिरवला. मग भिंतीवरच्या नळाचे स्क्रू बघितले, ते गंजून गेलेले. पुन्हा जाळीचे बघितले.

"काकू, ही जाळी कोण उघडायचं?"

कोणीच नाही, बाई म्हणाल्या, कधी गरजच पडली नाही. प्लंबरने मान हलवली. हे स्क्रू पितळी आहेत, म्हणाला, मूळचे नाहीत, कोणीतरी बदललेत. खाचा बघा कशा झिजल्यात, पण एकही मोडलेली नाही. आठवड्याच्या आठवड्याला उघडल्याशिवाय असं होत नाही, आणि उघडणारा हात नाजूक कामाचा होता.

त्याने जाळी उचलली, तार आत सोडली, पीळ दिला आणि हळूहळू ओढलं. बाहेर आलं ते गुंतवळ. साबणाने बरबटलेला, मांजराच्या शेपटीएवढा जाड, करडा-पांढरा लगदा. आठ महिन्यांचे केस, आणि सगळे बाईंचे. एकेकाळी त्यांची वेणी कमरेखाली होती. आता विरळ झाली होती, म्हणजे गळलेले कुठेतरी गेलेच होते. लगदा निघाला तशी मोरी घटाघट पाणी पिऊन मोकळी झाली. बाईंचा चेहरा उजळला. बघ, म्हणाल्या, केसच होते, ढाळाला काही झालेलं नाही.

प्लंबरने टॉर्च आत धरला आणि बाईंना वाकून बघायला लावलं. पाइपच्या तोंडाशी चार बोटं पाणी उभं होतं, पुढे सरकत नव्हतं.

"पाइप उलटा चढलाय, काकू. मोकळा असेल तर पाणी जेमतेम जातं. चार केस अडकले की संपलं. ही मोरी बसवल्यापासून महिन्या-दोन महिन्यांत तुंबायला हवी होती. किती वर्षं झाली?"

एकतीस, बाई म्हणाल्या. एकतीस वर्षं कोणीतरी हिला सांभाळलंय, तो म्हणाला, आणि हात धुवायला बाहेर गेला.

बाईंना आधी रागच आला. कोण कुठला हा प्लंबर, अण्णांची चूक काढतो? आणि मग, कुठलाच विचार करायचा नाही असं ठरवत असताना, त्यांना दोरी आठवली. पाइप टाकायच्या दिवशी अण्णांनी त्यांच्या हातात उतार धरायला ताणलेल्या दोरीचं एक टोक दिलं होतं आणि दोनदा विचारलं होतं, दोरी सरळ आहे ना गं? तुला दिसते ना? त्या हसल्या होत्या. तुम्हाला नाही का दिसत, अण्णा? तर म्हणाले, डोळ्यात सिमेंट गेलंय. सहा महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पार पिकलेला, एवढे दिवस काय करत होता? आणि अण्णांना त्या डॉक्टरांकडे घेऊन कोण गेलं होतं? घड्याळजीच. दिवसभर भिंगातून बघणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं आधीच कळलं होतं, म्हणून तर तो पाणसळ घेऊन आला होता.

त्यांनी गीझरमागचा डबा काढला. वस्तरा असेल, साबणाची वडी असेल, असं वाटलं होतं. खरं तर घड्याळजी दाढी खिडकीतल्या आरशात करायचे, हे एकतीस वर्षं डोळ्यांसमोर असून बाईंना कधी खटकलं नव्हतं. डब्यात सायकलच्या चाकाची एक तार होती, टोकाला आकडा वळवलेली. आकड्यावर मऊ दोरा गुंडाळलेला, एकाला एक लागून, कोब्याला ओरखडा येऊ नये म्हणून. एक छोटा पेचकस, एक जुना टूथब्रश, धुवून चौकोनी घडी केलेलं फडकं. आणि चहाच्या गाळणीची जाळी कातरून केलेल्या दोन गोल चकत्या, मोरीच्या जाळीखाली बरोब्बर बसतील अशा.

बाई विटेवर बसल्या आणि रडल्या. आठ महिन्यांत अशा रडल्या नव्हत्या. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस उरला नाही, त्या माणसाने एकतीस वर्षं दर रविवारी कडी लावून बायकोचे केस उपसले, का, तर तिच्या बापाचा शब्द खोटा पडू नये. आणि आपण बाहेरून थापा मारत होतो. म्हशी काय, राणी काय. त्यांना स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

प्लंबर जाता जाता दारात थांबला. मुलाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, म्हणाला. पाइप बदलायचा तर कोबा फोडावा लागेल. नाहीतर आठवड्याला एकदा केस काढा, ब्रश फिरवा, कोमट पाणी सोडा, ती पावडर मात्र नको. इतकी वर्षं चाललं तसं चालेल.

मुलगा काखेत टाइल्सचे तुकडे घेऊन आला तेव्हा बाईंनी त्याला समोर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या थोडक्यात बोलल्या.

"तुझ्या आजोबांचा ढाळ चुकला होता. तुझ्या बाबांनी तो सांभाळला, मला न सांगता. आता मी सांभाळीन. मी गेल्यावर खुशाल फोड."

त्याने डबा हातात घेतला. तार काढून बघितली, दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "म्हणजे टाचा..." संध्याकाळी तो टाइल्सचे तुकडे परत देऊन आला, आणि येताना न्हाणीघराच्या भिंतीला लावायचा एक दांडा घेऊन आला, आईला धरायला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाईंनी आतून कडी लावली. विटेवर बसून दोन्ही स्क्रू काढले, एक खाली पडून गडगडला तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. आकडा आत सोडला, केस काढले, ब्रश फिरवला, डब्यातली एक चकती धुऊन घेतली. चकतीवर जाळी पुन्हा बसवली, आणि मग शॉवर सोडला. पाणी कोब्यावर पसरलं, फुलापर्यंत गेलं, जरा अडखळलं आणि जाळीत शिरलं.

"अहो," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. बघू द्यायला हवं होतं मी तुम्हाला."

एवढं म्हणायला एकतीस वर्षं लागली. ऐकायला आत कोणी नव्हतं.

बाहेरून दारावर थाप पडली. तासभर होत आला होता, मुलाचा जीव घाबरा झाला होता. आई, बरी आहेस ना, करतेस काय एवढा वेळ, तो विचारत होता. बाईंनी डोळे पुसले, डबा गीझरच्या मागे खिळ्याला नीट टांगला, आणि सांगितलं की टाचा घासतेय.