उंदराचा पाय

आमच्या प्रयोगशाळेतला एक पांढरा उंदीर आज पहिल्यांदाच आपणहून नळीत शिरला. पारदर्शक, त्याच्या अंगाएवढीच नळी. मागचा पाय तेवढा बाहेर राहतो. त्या पायावर लेझरचा प्रकाश सोडून आतला रक्तप्रवाह मोजायचा, हे माझं काम. पण उंदीर घाबरला की पायातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पाय गार पडतो आणि मोजणी फसते. म्हणून आधी रोज थोडा वेळ त्याला नळीत ठेवून सवय लावायची. सुरुवातीला हा किती धडपडायचा!

"शहाणा झाला गं हा!" शेजारच्या टेबलावरून प्राची हसली. "आता दार उघडलंस तरी बाहेर येणार नाही."

मला हसू आलं नाही. पीएचडी सोडायची आहे, हे आज मी सरांना सांगणार होते. वाक्य सकाळपासून मनात घोळवलं होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. तेवढ्यात सर आले, पडद्यावरचा आलेख पाहून म्हणाले, "छान! पुढची बॅचही तूच घे. तुझ्या हाताखाली उंदीर शांत राहतात."

"हो सर," मी म्हणाले. किती सहज म्हणाले.

सर गेल्यावर मी नळीचं दार उघडलं. उंदीर मिशा हलवत आतच बसून राहिला. पडद्यावर त्याच्या पायातलं रक्त निवांत वाहत होतं. इतके दिवस त्या आवळलेल्या वाहिन्याच त्याच्या वतीने नाही म्हणत असाव्यात.

मी हातमोजे काढले. माझी बोटं गारठली होती. त्यांना अजून सवय झालेली नाही.