नव्या विंडोजवर आईचं बोट

कॉम्प्युटर सुरू केला की रोज सूचना यायची, या जुन्या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत. मी रोज ती बंद करायचे आणि दिवसभर तीच डोक्यात घोळायची. थळला आमच्या घराच्या ओटीवर माझं सरकारी ऑनलाइन कामांचं छोटं केंद्र आहे. कोळीवाड्यातल्या बायका रेशनच्या, पेन्शनच्या केवायसीला माझ्याकडे येतात. यंत्रावर बोट टेकवायचं, हिरवा दिवा लागला की काम झालं. पण बर्फात आणि मासळीत आयुष्य गेलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. जुन्या विंडोजवर ते यंत्र निदान चार-पाच खेपांत तरी ऐकायचं. नव्यावर ऐकेल का, हे कुणी सांगेना.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते, लपवत नाही. मेकॅनिक बोलावला नाही. सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढल्या, नवी विंडोज टाकली, बोटाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर पुन्हा भरलं आणि स्वतःचा अंगठा टेकवला. लगेच हिरवा. बरं वाटलं, पण क्षणभरच. माझा अंगठा आजवर अडला होता कुठे?

आईची रेशनची केवायसी बाकीच होती. ती मासळी विकून आली. पाटी उतरवायच्या आत मी म्हटलं, "आये, हात धू नि इकडे ये."

"कॉलेजात ह्येच शिकवलं काय गो? आयशीला बस पन न्हाय म्हनायचं?"

अंगठा टेकवला. लाल. पदराला पुसला, खोबरेल लावलं. लाल.

"काल चालत व्हतं ना? मग कशाला हात लावलास?"

"पुढे बंद पडलं असतं."

"पुढं बंद पडलं असतं म्हनून आजच बंद पाडलंस."

मी तिचं एकेक बोट धरून टेकवत गेले. उजवा हात संपला. हे चाललं नाही तर हिचं नाव कार्डावरून जाणार, आणि ते मी घालवलेलं असणार. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला दिवा हिरवा झाला.

आईने ते बोट नीट बघितलं. "ह्याला मी कंदी कामच दिलं न्हाय," म्हणाली, आणि दारात जाऊन शेजारच्या काकीला हाक मारली, "गो, अंगठ्यावर राहू नको. सगली बोटं घेऊन ये."

काकी हसत आमच्याकडे निघाली. मी यंत्राची काच पुसायला घेतली. मासळीचा काटा लागून काकीचा डावा हात सुजलेला होता, हे आईला माहीत नव्हतं.