नाचणारी माशी

न पाहिलेल्या गोष्टीसाठी तुम्ही किती वेळा घसा कोरडा केला आहे?

वाचनालयाच्या जांभळीवर बेघर मधमाश्यांचा घोस लटकला होता. शेजारच्या काकू तो जाळायला टेंभा घेऊन आल्या, पण मधपाळ सखामामांनी त्यांना अडवलं.

“थांबा वहिनी, घर ठरतंय त्यांचं. घोसावर ती माशी नाचतेय ना, ती ढोली बघून आलीय. ढोली जितकी चांगली, तितकी जास्त नाचणार.”

“आणि बाकीच्या लगेच ऐकतात?”

“छे, आधी स्वतः जाऊन बघतात. तुमच्यासारखं नाही, ऐकलं की गावभर.”

काकूंनी हसत टेंभा विझवला. मला मात्र आंदोलनांची, मी स्वतः न तपासता वाटलेली पत्रकं आठवली. दुपारी अख्खा घोस उठून डोंगराकडे गेला, तेव्हा फार बरं वाटलं.

उद्या माझंही पत्रक हाती आलं, तर त्यात ज्या जागेबद्दल लिहिलंय, आधी तिथं जाऊन बघा. पटलं, तरच पुढे द्या.