नवऱ्याला न सांगितलेला पासवर्ड

दिल्ली छावणीत कोणत्याही मराठी बाईला झोपेतून उठवून नवऱ्याचा आर्मी नंबर विचारा, ती तो धडाधड म्हणून दाखवील. कॅन्टीन, दवाखाना, मुलांची शाळा, सगळीकडे आधी तो नंबर लागतो, स्वतःचं नाव मागाहून. प्रज्ञाही त्यातलीच. तिचा नवरा मल्हारी लष्कराच्या सिग्नल दलात सुभेदार. लग्नानंतर पहिल्यांदा सीमेवर निघाला तेव्हा त्याने तिला समोर बसवून एटीएमचा पिन, विम्याचे कागद, गावाकडची उसनवारी, सगळं पाठ करून घेतलं होतं. फौजी घरात असंच चालतं. माणूस परत येईलच असं कोणी धरून चालत नाही, म्हणून लपवाछपवीही परवडत नाही. ह्या घरात एकमेकांपासून लपवलेलं काही नव्हतं, आणि प्रज्ञाला त्याचा जरा तोराच होता.

मुलगी अबोली नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घर सुनं झालं, तेव्हा प्रज्ञा नोएडाच्या एका संस्थेत जाऊ लागली. संस्थेने तिला बायकांचं ऐकून घ्यायला शिकवलं. ऐकण्यात शिकायचं काय, असं तिला आधी वाटलं होतं. मग कळलं, की आपण आजवर ऐकलं कमी आणि सल्लेच जास्त दिले. आता छावणीतल्या बायका तिच्याकडे येत, बोलत, आणि त्या गेल्या की ती मोजक्या नोंदी अबोलीच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करून ठेवी. पुढच्या वेळी बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागू नये, एवढ्याचसाठी.

त्यात तेजश्रीची नोंद होती. तेजश्री म्हणजे मल्हारीच्याच हाताखालच्या अंबादासची बायको, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. अंबादास लवकरच फील्डवर, म्हणजे बायकोला नेता येत नाही अशा सीमेकडच्या ठाण्यावर, जाणार होता आणि तिला सासरी पाठवणार होता. सासऱ्याची नजर चांगली नव्हती. गावी असताना ती खोलीच्या दाराला आतून ट्रंक लावून झोपायची. नवऱ्याला हे तिला स्वतःच सांगायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं तर तो गावी जाऊन बापाचा जीव घेईल, नाहीतर तिलाच खोटं पाडील, अशी तिला धास्ती होती. थोडे दिवस द्या वहिनी, एवढंच तिने मागितलं होतं.

संस्थेतल्या कोणाचा तरी लॅपटॉप मेट्रोत चोरीला गेला आणि फर्मान निघालं की सगळ्यांनी आपापली डिस्क एन्क्रिप्ट करा. म्हणजे चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी हाती नुसता कचरा लागला पाहिजे. प्रज्ञाच्या लॅपटॉपने साफ नकार दिला. संस्थेचा यतीन फोनवर म्हणाला, की नव्या मशीनमध्ये किल्ली सांभाळणारी एक चिप असते, ह्या म्हाताऱ्यात ती नाही. पण बिल्कुल टेन्शन नको. विंडोजच्या पॉलिसीत चिपशिवाय चालवायची परवानगी देता येते, मग किल्ली तेवढी आपण सांभाळायची. एकतर पेनड्राइव्हमध्ये, नाहीतर डोक्यात. पेनड्राइव्ह आपल्याकडून त्याच बॅगेत राहणार हे प्रज्ञाला ठाऊक होतं. कुलपालाच किल्ली अडकवून ठेवण्यातला तो प्रकार झाला असता. तिने पासवर्ड निवडला.

यतीन सांगत गेला तशी ती एकेक पायरी चढत गेली, आणि पासवर्ड टाका म्हटल्यावर बोटं आपसूक चालली. मल्हारी पलीकडे लसूण सोलत बसला होता. त्याने मान वरही केली नाही.

"माझा नंबर टाकलास ना?"

प्रज्ञा चपापली. मल्हारी हसून म्हणाला, की छावणीतल्या निम्म्या बायकांचा पासवर्ड नवऱ्याचा नंबरच असतो, आणि तो नंबर तर आपल्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आहे. दुसरा काहीतरी टाक, आणि मला सांगून ठेव.

सांगून ठेव. त्याच्या मनात काही नव्हतं, फक्त सवय बोलत होती. तिलाही हो म्हणायची सवय होती. पण तेजश्रीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मल्हारी सज्जन होता, आणि नेमकी त्याचीच भीती होती. कळलं असतं तर त्याने अंबादासला त्याच दिवशी बोलावून, बायकोला कुठे पाठवतोस म्हणून चांगलं खडसावलं असतं.

"हा तुम्हाला नाही सांगणार," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. त्याला लागलं ते तिला दिसलं, आणि तिलाही वाईट वाटलं. अच्छा, एवढंच म्हणून त्याने पुन्हा लसूण सोलायला घेतला.

मग तिला शोधावं लागलं, की ह्या माणसाला ठाऊक नाही असं आपल्याकडे आहे तरी काय. आधी काहीच सुचेना. मग तो सीमेवर असतानाची वर्षं आठवली. तिची एकटीची वर्षं, जी पत्रांतून कधी गेलीच नव्हती. त्यातलं एक अख्खं वाक्य तिने टाकलं. कोणतं, ते इथेही सांगायचं नाही. पासवर्ड विसरलाच तर लागणारा लांबलचक आकडा पाकिटात बंद होऊन संस्थेच्या कपाटात गेला. जुनी डिस्क संध्याकाळपर्यंत घरघरत राहिली.

पुढच्याच आठवड्यात अंबादास घरी आला. प्रज्ञा चहा टाकायला आत गेली. बाहेर अंबादास बोलत होता ते तिला स्वच्छ ऐकू येत होतं. तेजश्री गावी जायला तयार नाही, कारण सांगत नाही, वहिनींना सांगितलंय एवढंच म्हणते. वहिनींनी लॅपटॉपवर लिहिलं असेलच. साहेबांनी एकदा नजर टाकली तर?

प्रज्ञाच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"मला तो उघडता येत नाही," मल्हारी म्हणाला.

अंबादासला ते पटेना. साहेब, घरातलाच तर लॅपटॉप, असं तो पुन्हा म्हणाला. हाताखालच्या पोरासमोर सुभेदाराने हे कबूल करायचं, म्हणजे उद्या साऱ्या युनिटला हसायला विषय. मल्हारीलाही ते कळत होतं.

"पासवर्ड तिने मला सांगितलेला नाही. तुझ्या बायकोलाच विचार. आणि ती बोलेल तेव्हा तू मध्ये बोलू नकोस."

चार दिवसांनी अंबादास पुन्हा आला, उतरलेल्या चेहऱ्याने. तेजश्रीला इथेच, फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या क्वार्टरमध्ये ठेवायचं होतं. अर्जावर शिफारस हवी होती. मल्हारीने कारण विचारलं नाही, सही केली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो गेल्यावर प्रज्ञा दाराशी येऊन उभी राहिली. ह्या माणसाबद्दल इतकी माया तिला कितीतरी दिवसांत वाटली नव्हती. तेजश्रीने आता स्वतःच सांगून टाकलंय, मग ह्याला सांगायला काय हरकत, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण तेजश्रीने सांगितलं होतं ते अंबादासला.

"तुम्हाला विचारावंसं नाही वाटत?" तिने विचारलं.

"वाटतं की. रोज वाटतं," मल्हारी म्हणाला, आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघाला.