तीनदा उडालेला चुना आणि जनामायची भिंत

नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या तोलता तोलता मला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या काट्यावर कुणी फेरतोल मागितलेला नाही. शाळा चौथीतच सुटली. हिशेब, इंग्रजी आकडे, थोडं सुतारकाम आणि घर बांधायची रीत मी बघून, विचारून, हात भाजून शिकलो. म्हणून स्टेशनापलीकडच्या जागेवर मातीचं दोन खोल्यांचं घर उभारलं तेव्हा गवंडी लावला तो पायापुरता. भिंती माझ्या हातच्या. ओळंबा लावून बघा, केसाचा फरक सापडणार नाही.

आणि त्याच भिंतींवर चुना टिकेना.

पहिला हात दिवाळीनंतर दिला, महिन्याभरात पापडासारखे पोपडे. दुसऱ्या वेळी डिंक घातला, तरी पोपडे. तिसऱ्या वेळी चुना नऊ दिवस भिजवला, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळला, दहा शेराला अर्धा शेर डिंक तोलून घातला, वर चिमूटभर नीळ. संक्रांतीला हात लावला तर भिंत हातात आली.

आम्ही अजून भाड्याच्या खोलीतच होतो. माझी बायको पार्वती नव्या घराच्या दारात उभी राहिली आणि आत न येताच म्हणाली, "हे घर नाई, रुईचं गोदाम होय. याच्यात मी देव आणत नाई. भिंती धड झाल्या तं ठीक, नाई तं शांताचं लगन माह्या भावाच्या दारात, खामगावले."

शांता आमची एकुलती. लग्न वैशाखात ठरलेलं. बापाचं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर असताना मुलगी मामाच्या दारातून सासरी जाणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना.

माघात वरवट बकालचा सुपडा गाडीवान कापूस घेऊन काट्यावर आला. माझं तोंड बघून त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "काटेवाले भाऊ, आमच्या गावातल्या जनामायच्या भिंतीले वीस-पंचवीस पावसाळे झाले, पोपडा नाई निंघाला. मातीचीच हाये. तुमच्यासारखीच."

'तुमच्यासारखीच' हे मला आवडलं नाही. पण तीन दिवसांची रजा टाकली.

ज्यांना ही वाट धरायची असेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीभाडं करू नका. कापूस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या जिनाच्या फाटकात रोज मिळतात. गाडीवानाला तंबाखूची पुडी आणि दोन वेळची भाकरी दिली की तो राजी. घोंगडी मात्र जाड न्या, फळ्यांत अडकलेली सरकी मैलभरात बैठकीला टोचू लागते. आणि पहाटेच निघा, दुपारचं ऊन माघातही काळ्या रानात लागतं.

निघताना पार्वतीनं गाडीत दोन भांडी ठेवली. "हे लहान मडकं तुमच्या प्यायचं. मोठं बैलाइचं." दोन्हींत पाणीच होतं, मग वेगळी कशाला, हे मी विचारलं नाही. पाण्याचं खातं तिचं. मी सोबत माझा टेप, वही आणि तीन पुड्या घेतल्या होत्या. प्रत्येक पुडीत एकेका वेळचा पोपडा, वर आकडा घातलेला: एक, दोन, तीन. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

येरळीला पूर्णा ओलांडली. माघात नदी गुडघ्याइतकी, पण तळाची वाळू चाकं धरते. सुपडा खाली उतरला आणि मलाही उतरवलं. पलीकडे गेल्यावर सातपुडा प्रथम दिसला. आधी आभाळाच्या कडेला निळीचा एक पुसट हात फिरवल्यासारखा, मग हळूहळू कडा धरत गेला. मी आयुष्यभर नांदुऱ्यात राहून तो इतका जवळ आहे हे विसरलो होतो.

सुपडाला जळगाव जामोदला थोडं सामान द्यायचं होतं, म्हणून वाकडी वाट झाली, आणि ती कामी आली. सामान द्यायचं होतं ते रहीमभाई ताबूत करणाऱ्याकडे. मोहरमला ताबुताचं कागदकाम करतात, एरवी पुस्तकं बांधतात. त्यांच्या ओसरीत पाऊल टाकलं आणि मी जोडे हातात धरूनच उभा राहिलो. भिंतीतल्या प्रत्येक कोनाड्याभोवती कागदाची जाळी चिकटवलेली. वेल, त्यात चांदणी, चांदणीत पुन्हा वेल. कागद कुठला? जुन्या वह्यांचा. जवळ गेलं की कातरलेल्या पानांवर पोरांची अक्षरं दिसत होती.

"हे आखून कापता?" मी विचारलं.

"आखलं तर हात घाबरतो, भाऊ," रहीमभाई म्हणाले. "कागद आठ घडीचा करायचा अन् कैची चालू द्यायची. उघडल्यावर आपल्यालेच मालूम पडते की काय झालं."

त्यांनी कागदाला तीनदा आवळून घडी घातली, कातर फिरवली आणि घडी माझ्या हातात दिली. मी उघडली. हातभर जाळी होती. मी ती पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. त्यांनी हसून चहा सांगितला.

खळीचं मापही त्यांनी दिलं, ते लिहून घ्या: मैद्याच्या खळीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा मोरचूद. मग कसर लागत नाही. चहाआधी पाणी दिलं. डोंगराच्या पायथ्याचं ते पाणी इतकं गोड की मी दोन तांबे प्यालो. त्याचं कौतुक केलं, आणि तेवढ्यावरच सोडून दिलं.

मुक्काम तिथेच, त्यांच्या ओसरीत. दुसऱ्या दिवशी निघालो ते उन्हं कलताना वरवट बकालला पोचलो.

जनामाय म्हणजे साठीच्या पुढची, बारीक अंगाची, शेतात अजून निंदणाला जाणारी बाई. घराचं दार बुटकं. वाकून आत गेलो, मान वर केली, आणि समोर ती भिंत.

खाली दोन हात उंचीचा गेरूचा पट्टा. ओल्या गेरूतून तिनं पाच बोटं ओढली होती. त्या लाटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोपरा वळूनसुद्धा, कुठेही तुटलेल्या नव्हत्या. त्याच्यावर पांढरी माती, इतकी मऊ की उजेड तिच्यावर पडत नव्हता, तिच्यात मुरत होता. मधोमध मातीचं उठावाचं झाड. त्याची पानं रंगवलेली नव्हती: ओल्या मातीत पिंपळाची खरी पानं दाबून काढून घेतलेली, शीर न् शीर उमटलेली. फुलं बांगड्यांच्या काचांची. दोन मोर, त्यांच्या माना फुटक्या निळ्या बशीच्या. वर एका ओळीत गिरणीच्या कापडाच्या ताग्यावर येतात ती रंगीत चित्रं चिकटवलेली: वाघ, आगबोट, कमळातली लक्ष्मी.

आणि चौकटीशेजारी काजळीचे अंगठे. डावीकडून उजवीकडे एक ओळ. पहिला मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढा. पुढचा त्याहून कणभर मोठा. असे होत होत शेवटचा माझ्या अंगठ्याइतका.

"माह्या पोराचे," ती म्हणाली. "दर अखजीले एक. लगन झालं तवा थांबवलं." अखजी म्हणजे अक्षय तृतीया, वर्षाला एक अंगठा.

म्हणजे एक माणूस पाळण्यातून उठून बोहल्यावर जाईपर्यंत त्या वीतभर जागेतून चालत गेला होता. खर्च काय, तर दिव्याची काजळी. मी जिनात रोज हजारो रुपयांचा माल तोलतो. त्या ओळीसमोर मला माझा हात कुठे ठेवावा कळेना. शेवटी सवयीनं टेप काढला आणि झाडाची उंची घेऊ लागलो.

"काय मोजून राह्यला गा भाऊ?" जनामाय म्हणाली. "नांदुऱ्याले नेतं का भिंत?"

"नक्षी उतरवून घेतो. आणि तुमच्या चुन्याचं माप हवंय."

मग तिला सगळं सांगितलं. चुना किती, डिंक किती, किती दिवस भिजवला. तीन पुड्या ओळीनं मांडल्या. तिनं आकड्यांकडे पाहिलं नाही. पहिल्या पुडीतला पोपडा उचलला, उलटा केला आणि जिभेच्या टोकाला लावला. दुसराही चाखला. तिसऱ्याला हात लावला नाही.

"खारट हाये. पानी कोणतं घेतलं?"

"घरच्या विहिरीचं."

"त्या पान्यात दाय शिजते?"

मी सुपडाकडे पाहिलं. सुपडानं फेट्याचा शेव तोंडात धरला होता.

"नाही," मी म्हणालो. "डाळीला बायको गोड्या विहिरीचं आणते."

"मंग भिंतीले काऊन खारं पाजलं? आमची विहीर बी खारीच हाये. मी नदीतल्या झिऱ्याचं पानी आणलं, डोक्यावर. गाऱ्यालेही तेच, मातीलेही तेच. भिंत आपल्यासारखीच पेते, भाऊ. खारं पाजलं तं खारं ओकते."

खार पांढरा, चुना पांढरा. पांढऱ्यावर पांढरं फुललेलं मला दिसलं नव्हतं. मी चुना तोलला, डिंक तोलला, नीळ चिमटीनं मोजली. पाणी घागरीनं ओतलं.

"घरधनीन काही बोलली नाई?" तिनं विचारलं.

बोलली होती. पहिला गारा कालवताना पार्वती माझ्यामागे उभी राहून म्हणाली होती, "या विहिरीचं पानी खारं हाये." आणि मी न वळता उत्तर दिलं होतं, "आपल्याला भिंत प्यायची नाही."

हे मी जनामायला सांगितलं नाही. तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, वर कच्चं तेल. वरवटला जाल तर असं जेवण मिळेल ते कुणाच्या तरी घरीच. खाणावळ शोधू नका, आणि पैसे पुढे करू नका. घरात लहान पोर असेल तर त्याच्या हातावर गूळ ठेवा.

निघताना मी मोरांचं चित्र वहीत पुरं करत होतो. ती म्हणाली, "ने. पण तुह्या घरी मोर कधी आला?"

"नाही आला."

"आमच्या वावरात येते. म्हणून थो भिंतीवर हाये. या बांगड्या माह्या पोरीच्या. लगनात नवा चुडा भरते ना कासारीन, तवा हातातल्या जुन्या मी फेकू देल्या नाई. तुह्या घरी काय आलं थे काढ."

परतीच्या वाटेवर मी वही उघडली नाही. पुन्हा कापूस भरून निघालेला सुपडा मात्र येरळीपर्यंत दर मैलाला विचारत होता, "भाऊ, तहान लागली का? गोडं देऊ का खारं?"

घरी पोचलो तेव्हा पार्वती ज्वारी निवडत होती.

"पाणी," मी म्हणालो.

तिनं तांब्या पुढे केला.

"प्यायला नाही. भिंतीचं. पाण्यानंच चुना उडतो."

ती सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "हे जनामाय म्हणे का मी म्हणे?"

"आधी तू."

"गाडीभाडं किती लागलं?"

"रिकाम्या गाडीतून गेलो."

"मंग फुकटात शिकले," ती म्हणाली, आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

गोडी विहीर आमच्यापासून अर्ध्या कोसावर. चारही भिंतींचा गिलावा खरवडून नव्यानं करायचा तर अर्ध्या गावाचं पिण्याचं पाणी लागलं असतं, आणि विहिरीवरच्या बाया तसं तोंडावर बोलल्याही. म्हणून एकच भिंत धरली, दारासमोरची. बाकी तिन्हींवर नुसतं शेणमातीचं सारवण. कावड माझ्या खांद्यावर. जिनातले हमाल म्हणत, काटेवाल्यानं पाणक्याची नोकरी धरली. मोजून सांगतो, एका भिंतीला बत्तीस घागरी. तशा कितीतरी वर्षानुवर्षं पार्वतीच्या डोक्यावरून आल्या होत्या, त्या मी कधी मोजल्या नव्हत्या.

गारा मी कालवला, पांढरी माती तिनं फिरवली. लाटा शांतानं ओढल्या. एके ठिकाणी तिची बोटं अडखळली, तिथे लाट वाकडी आहे. मी ती सरळ करू लागलो तर पार्वतीनं हात धरला. कोनाड्याला जाळी मी कापली, न आखता, तिसऱ्या खेपेला जमली. वरच्या कोपऱ्यात वीतभर माती ओली राखली होती. चुडा भरायच्या दिवशी शांताच्या जुन्या बांगड्या तिथे बसल्या. मधली जागा पार्वतीनं स्वतःसाठी ठेवली आणि मला दोन दिवस आत येऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं देव आणले. लग्न आमच्या दारात झालं.

आता दिवाळी होऊन गेली आहे. पावसाळ्यात तिन्ही भिंतींना खार फुटला, सारवण सुटून पडलं. समोरच्या भिंतीवरून मी रोज तळहात फिरवतो. हाताला काही लागत नाही. सकाळी अर्धा तास दारातून ऊन आत येतं तेव्हा शांताच्या बांगड्यांचे हिरवे ठिपके जमिनीवर पडतात, आणि आम्ही दोघंही त्या वेळी तिथून काही ना काही कामानं जातो.

परवा व्याही शांताला माहेरपणाला पोचवायला आले. लग्नाच्या गर्दीत त्यांनी भिंत नीट पाहिली नव्हती. चहाचा कप हातात धरून ते मधल्या चित्रासमोर उभे राहिले. पार्वतीनं गेरूनं तिथे काटा काढला आहे, माझ्या जिनातलाच, साखळ्यांसकट. एका पारड्यात तीन पुड्या, तिन्हींवर आकडे. दुसऱ्यात एक घागर. घागरीचं पारडं पार जमिनीला टेकलेलं.

"काटेवाले," व्याही म्हणाले, "तुमचा काटा तं लयच झुकून राह्यला."

आतल्या दारामागे पार्वतीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "फेरतोलाची गरज नाही."