सायलेन्सरला घातलेला हार

आज दसऱ्याला पार्किंगमध्ये एकट्यानेच गाडीला झेंडूचा हार घातला आणि सातपूरची ती शेड आठवली. तिथे आम्ही मित्रांनी सुटे भाग जोडून बनवलेली गाडी इतकी बुटकी होती की सायलेन्सर प्रत्येक गतिरोधकाला घासायचा. म्हणून त्याचा पाइप गाडीच्या पोटाखालून काढून दाराच्या बाजूने नेला. घरातल्या पहिल्या इंजिनिअरची गाडी पाहायला आई दसऱ्याला चांदवडहून आली. पूजा करून तिने हार नेमका त्या चकचकीत पाइपवर घातला. इंजिन सुरू झालं, पाइप तापला आणि हार करपला.

“अपशकुन झाला का रं?” तिचा चेहराच उतरला.

“काकू, गाडीनंच धूप दाखवला!” एक मित्र म्हणाला, तशी ती पदर तोंडाला लावून हसली.

आता आई नाही, मित्र पांगले. मी वाकून एक फूल सायलेन्सरवर ठेवलं, इंजिन सुरू केलं आणि तो करपल्याचा वास यायची वाट पाहत बसलो.